रक्त आहे, पण रंग नाही

संपादकांनी सोनोग्राफीवर लिहायला सांगितलं तेव्हा मला ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी तेवढी आठवली. त्या पाटीपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत एका काकांच्या यकृतातली गाठ तपासणं चाललं होतं. डॉक्टर मॅडमचा उजवा हात पोटावर फिरणाऱ्या प्रोबवर होता आणि डावा सारखा एकाच बटणाकडे जात होता.

ही तपासणी डॉप्लरची होती, म्हणजे वाहतं रक्त रंगांत दाखवणारी सोनोग्राफी. तिची जन्मकथा थोडक्यात उरकतो. ख्रिस्तियन डॉप्लरने १८४२ साली प्रागमध्ये ताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचला, त्यातलं हे तत्त्व. धावत्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता बदलते आणि यंत्र त्या फरकाला रंग देतं. लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध, ही माझी समजूत पहिल्याच मिनिटाला मोडली. सहसा प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं आणि दूर जाणारं निळं.

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, बाकीचं धमनीतून. यकृताचा स्वतःचा कर्करोग मात्र वाढता वाढता मुख्यतः धमनीवर पोसला जातो. १९९०मध्ये ओसाकाच्या तनाका आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींभोवती रक्तवाहिन्यांचं टोपलीसारखं जाळं नोंदवलं. दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या गाठीला वाहिन्या बऱ्याचदा वळसा घालून जातात. ‘फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया’ या निरुपद्रवी गाठीत त्या मधोमधून चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकतात. मला गुंतवलं ते हिमँजिओमाने. ही साधी गाठ रक्ताने गच्च भरलेली असते, पण पडद्यावर बहुधा कोरीच. आतलं रक्त इतकं संथ, की यंत्राला ते कळतच नाही.

म्हणून ते बटण. त्याला ‘स्केल’ म्हणतात. खाली आणलं की संथ प्रवाह सापडायला लागतो, पण त्यासोबत श्वासाची हालचालही रंगते आणि होळी होते. वर नेलं की चित्र स्वच्छ, पण बारीक वाहिन्या गायब. “काका, श्वास रोखा... सोडा.” पोटात पाणी झालेल्या काकांना चार सेकंदही श्वास धरवत नव्हता.

गाठ डाव्या भागात असली तर वर हृदय धडधडतं. खोल असली तर ध्वनी पोचेपर्यंत थकतो. वाहिनी ध्वनीला काटकोनात आली तर गणिताने वेग शून्य, मग रक्त कितीही धावो. गाठीही नियम पाळत नाहीत. मूत्रपिंडातून पसरलेली गाठ रक्ताने भरभरून असू शकते आणि सुरुवातीचा यकृत-कर्करोग अगदी फिकट. एके ठिकाणी मात्र डॉप्लरचा शब्द वजनदार ठरतो. पोर्टल शिरेतल्या गुठळीत धमनीचे ठोके ऐकू आले, तर कर्करोग शिरेत शिरल्याचा तो भक्कम पुरावा.

काकांच्या शिरेत गुठळी नव्हती आणि गाठीत रंग उमटला नाही. मॅडमनी स्केल आणखी दोनदा खाली आणून पाहिलं. रिपोर्टमध्ये रंगाविषयी एकच ओळ आली. तिच्याखाली लिहिलं होतं : ट्रायफेजिक सीटी करून घ्यावा.