अदृश्याची साक्ष



गेल्या सत्रांत वर्गामध्यें कृष्णविवरांविषयीं बोलणें चाललें असतां एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, ज्यांतून प्रकाशसुद्धां बाहेर पडत नाहीं, तें आहे हें कळलें तरी कसें?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें उत्तर देण्यास तास पुरला नाहीं; म्हणून तें येथें सविस्तर देतों.

कृष्णविवर स्वतः काळें असतें हें खरें. परंतु त्यांत पडणारा वायु काळा नसतो. मोरीच्या तोंडाशीं पाणी जसें गरगर फिरत खालीं जातें, तसा हा वायु विवराभोंवतीं फिरत फिरत आंत जातो. त्या वेळीं होणाऱ्या घर्षणानें तो लक्षावधि अंश तापतो व त्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. अर्थात् साक्ष देतो तो उंबरठ्यावरचा वायु, विवर नव्हे.

ही साक्ष ऐकणें मात्र सोपें नव्हतें. १८९५ सालीं रंटगेननें शोधून काढलेले हे किरण आपल्या हाताच्या मांसांतून सहज पार जातात. परंतु ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण पृथ्वीवरील वातावरणाचा जाड थर शोषून घेतो. यामुळें उपकरणें वातावरणाच्या वर नेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. जून १९६२ मध्यें जिआकोनी व त्यांचे सहकारी यांनीं अग्निबाणांतून उपकरणें पाठविलीं, तेव्हां वृश्चिक राशीच्या दिशेस क्ष-किरणांचें एक प्रखर उगमस्थान आढळलें. १९६४ सालीं अशाच एका उड्डाणांत हंस तारकासमूहांत दुसरें एक स्थान सांपडलें. त्यास 'हंस क्ष-१' म्हणतात. पुढें १२ डिसेंबर १९७० रोजीं केनियाच्या किनाऱ्याजवळून 'उहुरू' हा उपग्रह सोडण्यांत आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, आणि 'उहुरू' या स्वाहिली शब्दाचा अर्थही स्वातंत्र्य असाच आहे.

उहुरूला असें दिसलें कीं, हंस क्ष-१ चें तेज एका सेकंदाच्या दशांशाइतक्या अल्प काळांतही कमीजास्त होतें. यावरून काय निष्पन्न होतें तें पाहा. वस्तु मोठी असेल, तर तिच्या पलीकडच्या भागाचा प्रकाश अलीकडच्या भागाच्या प्रकाशापेक्षां उशिरां आपणांकडे पोंचतो, आणि तेजांतील जलद बदल पुसून जातात. दशांश सेकंदांत प्रकाश सुमारें १८,६०० मैल जातो. तेव्हां तेज फेंकणारा तो भाग फार तर तेवढाच असला पाहिजे. सूर्याचा व्यास तर ८ लक्ष मैलांहून अधिक आहे!

वस्तु लहान ठरली. आतां ती जड किती? १९७१ सालीं इंग्लंडांत लुईझ वेबस्टर व पॉल मर्डिन यांनीं, आणि कॅनडांत टॉम बोल्टन यांनीं, त्याच जागीं असलेल्या एका निळ्या महाकाय ताऱ्याचें निरीक्षण केलें. तो तारा ५.६ दिवसांत एका अदृश्य सोबत्याभोंवतीं फेरी घालीत होता. त्याच्या वेगावरून सोबत्याचें वजन काढतां येतें. एवढ्या लहान पदार्थांपैकीं न्यूट्रॉन तारा हा सर्वांत जड. पण तोही सूर्याच्या तिपटीहून फारसा जड असूं शकत नाहीं. हा सोबती त्या मर्यादेच्या पलीकडचा निघाला. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनाप्रमाणें तो सूर्याच्या सुमारें २१ पट जड आहे.

तथापि शास्त्रज्ञांनीं घाई केली नाहीं. १९७४ सालीं स्टीफन हॉकिंग यांनीं किप थॉर्न यांच्याशीं पैज लावली कीं, हें कृष्णविवर नव्हेच. वस्तुतः हॉकिंग यांचें पुष्कळसें संशोधन कृष्णविवरांवरच होतें. तें सारें व्यर्थ ठरलें, तर निदान एका नियतकालिकाची वर्गणी तरी पदरांत पडावी, असा त्यांचा विनोदी हिशेब! १९९० सालीं, पुरावा पुरेसा झाल्यावर, त्यांनीं आपली हार लेखी मान्य केली.

हीच रीत दूरच्या दीर्घिकांनाही लागू पडते. ज्यांच्या केंद्रांतून विलक्षण तेज बाहेर पडतें, त्यांस सक्रिय दीर्घिका म्हणतात. नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेस अशी एक दीर्घिका दहा कोटींहून अधिक प्रकाशवर्षें दूर आहे. तापलेल्या वायूंतील लोखंडाचे अणु ठराविक शक्तीचे क्ष-किरण फेंकतात. परंतु १९९५ सालीं तानाका व त्यांचे सहकारी यांनीं 'आस्का' या जपानी उपग्रहाच्या साहाय्यानें दाखविलें कीं, या दीर्घिकेच्या केंद्रांतून येणारे ते किरण कमी शक्तीच्या बाजूस पुष्कळ ओढले गेले आहेत. खोल विहिरींतून वर येणारा मनुष्य जसा दमतो, तसे प्रचंड गुरुत्वाकर्षणांतून बाहेर पडतांना हे किरण आपली शक्ति गमावतात. लक्षावधि सूर्यांच्या वजनाचें कृष्णविवर तेथें आहे, याची ही खूण होय.

या कार्यांत आपल्या देशाचाही वांटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह आकाशांत गेला. त्यावरील क्ष-किरण उपकरणें घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें प्रमुख भाग घेतला, आणि त्यांनीं हंस क्ष-१ चेंही निरीक्षण केलें.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, कृष्णविवर आहे हें कोणाच्या सांगण्यावरून मानलेलें नाहीं. तें किती लहान, किती जड, आणि दुसरें कांहीं असणें शक्य आहे काय, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत थांबून मगच तें मान्य झालें. 'कळलें कसें?' हा प्रश्न ज्यानें विचारला, त्यानें शास्त्राचा पहिला धडा आपणहून गिरविला, असेंच मी म्हणेन.