पंचायतीतली उमेदवारी

म्हैसूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तलकाड नावाचे गाव आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी. पुढे ती चोळांकडे गेली, आणि त्यांच्याकडून होयसळ विष्णुवर्धनाने जिंकून घेतल्यावर बाराव्या शतकाच्या आरंभी तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभे राहिले. आज त्या राजधानीचा मोठा भाग वाळूच्या टेकड्यांखाली आहे. देवदर्शनाला जायचे तर वाळूत रुतणारी पावले उचलीत जावे लागते.

या वाळूचे कारण तेथे एका शापात सांगितले जाते. 1610 साली राजा वडियाराने श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरच्या तेथील प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्या दागिन्यांसाठी तिचा पाठलाग झाला, आणि तिने कावेरीत देह टाकताना तलकाडची वाळू होईल असा शाप दिला, अशी ती आख्यायिका. काही अभ्यासक मात्र वेगळेच बोट दाखवितात. विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याच्या नावाचा बंधारा नदीवर झाला. त्याने प्रवाह बदलला, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणली, असे त्यांचे मत आहे.

या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण दोन्ही उत्तरांतून माणसाला जे वळण लागते, त्यातले अंतर मोठे आहे. शाप म्हटला की माणूस हात जोडून बसतो. निर्णय म्हटला की तो विचारू लागतो: हा कोणी घेतला? कोणाला विचारून घेतला? पाणी कोणाच्या वाट्याला आले आणि वाळू कोणाच्या? नागरिकत्वाचे शिक्षण म्हणजे हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारण्याची सवय, एवढीच त्याची साधी व्याख्या मी करीन.

ही सवय सर्वांनाच हवी. परंतु सरकारी मेजाच्या आतल्या बाजूस नुकताच बसलेल्या तरुणाला ती सर्वांत आधी हवी. म्हैसूर शहरातच कर्नाटकाची ग्रामविकास व पंचायतराज यांचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. तिला अब्दुल नझीरसाब यांचे नाव दिले आहे. दुष्काळात खेडोपाडी विंधनविहिरींचे पाणी पोचविणाऱ्या या मंत्र्याला लोक प्रेमाने ‘नीरसाब’ म्हणत. पंचायतींना अधिकार देणारा 1983 चा कर्नाटकाचा कायदा घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पाणी आणि अधिकार हे दोन्ही दारापर्यंत पोचले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन तरुणांना सहा महिने प्रत्यक्ष कामावर घ्यावयाचे, अशी तिची मूळ आखणी. खाजगी आस्थापनांबरोबर ग्रामपंचायतींतही ही मुले आली. कामाची उमेदवारी म्हणून ही गोष्ट चांगलीच. पण ते मूल तेथे शिकते काय?

आपल्या भाषेत काम शिकणाराही उमेदवार आणि निवडणुकीस उभा राहणाराही उमेदवार. हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. दोघांनाही लोकांचेच काम करावयाचे असते.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयात नव्याने आलेल्या मुलाला ग्रामसभेची हजेरी पुरी करण्यास सांगण्यात आले. म्हणजे, जे आले नव्हते त्यांच्या सह्या करण्यास. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, काय करू?” मी घाईत होतो. “वरचे सांगतात तसे कर,” एवढे बोलून मी निघून गेलो. गणसंख्या भरली, कागद बरोबर झाला. त्या मुलाने पुन्हा मला कधी काही विचारले नाही. पुढे तो हुशार कारकून झाला. नागरिकत्वाचा पहिला धडा त्याला त्या दिवशी मिळाला, आणि तो मी दिला होता, ही बोच अजून गेलेली नाही.

म्हणून या मुलांसाठी निराळे पाठ्यपुस्तक काढावे, असे मी म्हणत नाही. तीन गोष्टी पुरेत. पहिली: ग्रामसभेच्या जुन्या इतिवृत्तातला एखादा ठराव घेऊन त्याचे पुढे काय झाले, हे त्याने जागेवर जाऊन पाहावे. नळ मंजूर झाला असेल, तर तो सापडतो का? दुसरी: आठवड्यातून एक दिवस त्याने मेजाच्या बाहेरच्या बाजूस, अर्जदारांच्या बाकावर बसावे. जन्मनोंदीचा दाखला आपल्याला एक नमुना वाटतो. पण त्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या आईच्या दृष्टीने तो तिच्या लेकराचा राज्याशी पहिला परिचय असतो. तिसरी: गावाचा जमाखर्च त्याने गावाला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद करावी. तमिळ देशी उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातला शिलालेख आहे. पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे आप्तही निवडीस अपात्र, असे त्यात कोरले आहे. हजार वर्षांपूर्वी दगडावर जे लिहिता आले, ते आज फलकावर लिहिण्यास अडचण नसावी.

आणि या तिन्हींच्या मागे एक वडीलधारा माणूस हवा. “साहेब, काय करू?” असे विचारल्यावर थांबणारा. खोटी सही करू नकोस, कोरम भरला नाही तर सभा तहकूब होऊ दे, आणि जाब विचारलाच तर माझे नाव सांग, असे म्हणणारा. नियमांची पुस्तके मुलाला पुढेही वाचता येतील. हा आधार मात्र उमेदवारीच्या त्या सहा महिन्यांतच मिळावा लागतो.

तलकाडला कीर्तिनारायणाचे मंदिर वाळू उपसून मोकळे करावे लागले. ती वाळू काही एका रात्रीत आली नव्हती.