टेबल सरकवा, खांब नव्हे

नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये क्लबहाऊसची हौस वाढली, की नजर तळघराकडे किंवा स्टिल्टमधल्या मोकळ्या जागेकडे वळते. तिथे पूल टेबल ठेवायचं ठरतं. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा पृष्ठभाग 2.54 मीटर लांब आणि 1.27 मीटर रुंद असतो, तर क्यू साधारण दीड मीटरची. ती चारही बाजूंनी मोकळी फिरवायची तर साडेपाच बाय सव्वाचार मीटर जागा लागते. गाड्यांच्या हिशेबाने उभ्या केलेल्या खांबांमध्ये एवढी जागा सहसा सापडत नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘मधला एक कॉलम जरा बाजूला घेतला तर?’

अमेरिकेतल्या लाकडी घरांत हे काम होतं. तिथे तळघरातले पोलादी खांब एका तुळईला आधार देतात आणि वर जेमतेम एक-दोन मजल्यांचं हलकं घर असतं. इंजिनियरकडून गणित करून घ्यायचं, जास्त ताकदीची तुळई घालायची, नव्या जागी पाया भरायचा, की खांब हलवता येतो. आपल्या आरसीसी इमारतीत मात्र कॉलम, बीम आणि स्लॅब एकमेकांत सळयांनी बांधलेले असतात.

आधी ओझं पाहू. चार बाय चार मीटर अंतरावर खांब असतील, तर मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला दर मजल्याचे 16 चौरस मीटर येतात. स्लॅब, भिंती, फरशी, सामान आणि माणसं धरून दर चौरस मीटरला एक टन असा ढोबळ अंदाज घेतला, तर सात मजल्यांचे 112 टन त्या एका खांबावर उतरतात. खांब काढला म्हणून हा भार नाहीसा होत नाही. त्याला जमिनीपर्यंत दुसरी वाट शोधावी लागते.

पण खरी मेख सळयांमध्ये आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फारच कमी. म्हणून जिथे ताण येणार तिथे सळई टाकतात. दोन खांबांच्या मध्ये बीम खाली वाकू पाहतो, त्यामुळे तिथे ताण खालच्या अंगाला येतो. खांबाच्या डोक्यावर उलट घडतं, ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून मुख्य सळया मध्यावर खाली असतात आणि खांबापाशी वर. आता मधला खांब काढा. काल जिथे आधार होता, तिथेच आज लांबलचक गाळ्याचा मध्य आला. ताण खाली गेला आणि जास्तीच्या सळया राहिल्या वर. दोन सारख्या गाळ्यांचा साधा बीम घेतला, तर त्या जागेवरचं वाकवणारं बल नुसतं उलटत नाही, चौपट होतं. शेजारच्या टोकाच्या आधारांवरचा भार अडीच पटींहून जास्त वाढतो. त्यात वरच्या मजल्यांचे खांब याच बिंदूवर उभे असतात. त्यांचा भार या हिशेबात धरलेलाच नाही.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची चार मजली सिद्धी साई इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमचं नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारांना हात लावल्याचा आरोप झाला. दक्षिण कोरियात 29 जून 1995 रोजी सोल शहरातलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळलं, 502 माणसं गेली. तिथे खांब मुळातच बारीक केलेले होते, सरकत्या जिन्यांसाठी काही खांबांना कात्री लावलेली होती आणि वर एक मजलाही वाढवला होता. एक बदल पचला, म्हणून दुसरा केला गेला.

भूकंपाचाही विचार हवा. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादमधल्या अनेक स्टिल्टवरच्या इमारती पडल्या. वर भिंतींनी घट्ट झालेले मजले आणि खाली नुसते खांब, असं असलं की हादऱ्याचा सगळा हेलकावा खालच्या खांबांवर येतो. अशा मजल्यातला एक खांब कमी करणं म्हणजे सर्वांत नाजूक जागा आणखी नाजूक करणं.

खांब खरंच हलवायचाच असेल, तर क्रम ठरलेला आहे. मूळ ड्रॉइंग आणि काँक्रीटच्या चाचण्या पाहून स्ट्रक्चरल इंजिनियर आराखडा करतो. नवे खांब, त्यांची फूटिंग आणि भार पेलणारा नवा दणकट बीम आधी तयार होतो. टेकू लावून, हायड्रॉलिक जॅकने भार हळूहळू नव्या बीमवर घेतला जातो आणि स्लॅब किती मिलिमीटर खचतोय यावर लक्ष ठेवलं जातं. जुना खांब कापायची वेळ सगळ्यात शेवटी येते. महापालिकेची परवानगी या सगळ्याच्या आधी लागते. एका खेळासाठी हा खर्च आणि ही जोखीम कोणत्याही सोसायटीला परवडू नये.

त्यापेक्षा सोपी वाट उपलब्ध आहे. सात फुटी टेबल आणि चार फुटी छोटी क्यू घेतली, तर साडेचार बाय साडेतीन मीटरमध्ये खेळ रंगतो. तळमजल्यावरचा खांब वरच्या प्रत्येक घराचा असतो, त्यामुळे त्याचा निर्णय क्लबहाऊस कमिटीने परस्पर घ्यायचा नसतो. सर्वसाधारण सभेत असा विषय आलाच, तर हात वर करण्याआधी मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि इंजिनियरचा सही-शिक्क्याचा अहवाल मागा. ते मिळत नसतील, तर ठराव नामंजूर करा.