‘कृत्रिम पेशी’त कृत्रिम नेमकं काय?

मे २०१०मध्ये अमेरिकेतल्या जे. क्रेग व्हेंटर इन्स्टिट्यूटने आपलं संशोधन जाहीर केलं आणि ‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जीव निर्माण केला’ अशा बातम्या जगभर झळकल्या. हे वाक्य अजूनही लोकांच्या तोंडी आहे. ते खोडायलाच हवं, कारण त्याच्या गाजावाजात खरं काम झाकलं जातं.

निर्जीव रसायनांतून अख्खी पेशी त्यांनी घडवली नव्हती. घडवला तो जिनोम, म्हणजे पेशीतला संपूर्ण डीएनए. ‘मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस’ या शेळ्यांमध्ये आढळणाऱ्या जिवाणूचा डीएनए-क्रम संगणकात होता. त्यावरून हजारेक अक्षरांचे १,०७८ तुकडे रासायनिक पद्धतीने बनवून घेतले, यीस्टच्या पेशींमध्ये ते टप्प्याटप्प्याने सांधले आणि १०,७७,९४७ अक्षरांचं, म्हणजे बेस-जोड्यांचं, सलग वर्तुळ मिळवलं. हे वर्तुळ नुसतं परीक्षानळीत ठेवलं तर काहीही घडणार नाही. डीएनए वाचणारी यंत्रणा, प्रथिनं बांधणारे रायबोसोम, ऊर्जा, पेशीपटल हे सगळं जिवंत पेशीकडूनच घ्यावं लागतं. इथे ते ‘मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम’ या जवळच्या नात्यातल्या जातीच्या यजमान पेशीकडून घेतलं; नवा जिनोम तिच्यातच घातला.

म्हणजे पेशी जुनीच? सुरुवातीला, हो. पण नव्या जिनोमवरून नवी प्रथिनं बनू लागतात आणि दर विभाजनाला जुना ऐवज निम्मा होत जातो. तीस विभाजनांत तो अब्जपटीने विरळ होतो. तोवर त्या पेशींमध्ये मूळ यजमानाचं जवळपास काहीच उरलेलं नसतं. या साऱ्या प्रयोगात मला सर्वांत थक्क करते ती हीच गोष्ट.

जिनोम असा दुसऱ्या पेशीत घालण्याला ‘प्रत्यारोपण’ म्हणतात. ते म्हटलं की केंद्रक बदलून क्लोन केलेली डॉली मेंढी आठवते आणि सुईने जुना जिनोम काढून नवा बसवला असेल, असं वाटतं. जिवाणूला केंद्रकच नसतं, त्यामुळे असं काही करता येत नाही. एवढा लांब डीएनए साध्या पिपेटमधून ओढला तरी तुटतो. म्हणून जिनोम असलेल्या पेशी अगारोज जेलच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, तिथल्या तिथे विरघळवतात आणि प्रथिनं पचवून टाकतात. मागे राहतो तो अखंड, उघडा डीएनए. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात तो यजमान पेशींबरोबर मिसळला की काही मोजक्या पेशी त्याला आत घेतात. जुना जिनोम कुणी काढत नाही. नव्या जिनोममध्ये टेट्रासायक्लिनला दाद न देणारं जनुक घातलेलं असतं. माध्यमात ते प्रतिजैविक असल्याने फक्त जुना जिनोम वाट्याला आलेल्या पेशी मरतात. नव्यात रंग देणारं जनुकही असल्यामुळे वसाहती निळ्या दिसतात. याच संस्थेतल्या कॅरोल लार्टिग आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ही पद्धत आधी नैसर्गिक जिनोमवर सिद्ध केली होती.

हे कुठल्याही जिवाणूत जमेल, हाही गैरसमजच. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, ही मोठी सोय होती. ई. कोलाय या जिवाणूचा सुमारे ४० लाख अक्षरांचा कृत्रिम जिनोम केंब्रिजमध्ये जेसन चिन यांच्या गटाने २०१९मध्ये पूर्ण केला, पण प्रत्यारोपणाने नव्हे, तर जुना डीएनए एकेक तुकडा बदलत.

यातून राक्षसी जंतू निघेल ही भीती २०१०च्या पेशीला तरी लागू पडत नाही. तिचा जिनोम बहुतांशी निसर्गातल्या जिनोमची नक्कल होता. काही जनुकं गाळली आणि ओळख पटावी म्हणून चार सांकेतिक खुणा घातल्या, इतकंच. तरीही डीएनए लिहिण्याच्या या क्षमतेवर लक्ष ठेवायलाच हवं. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी नेमलेल्या जैवनीती आयोगानेही २०१०मध्येच, बंदी न घालता सजग राहण्याचा सल्ला दिला.

‘आता हवा तसा जीव आखता येईल’ ही समजूत मात्र मला सर्वांत चुकीची वाटते. २०१०च्या त्या जिनोममध्ये एका अत्यावश्यक जनुकातलं एकच अक्षर गळलं होतं, आणि काम कित्येक आठवडे अडलं. पुढे व्हेंटर संस्थेच्याच गटाने जनुकं कमी करत करत २०१६मध्ये अवघ्या ४७३ जनुकांची पेशी केली. त्यांतल्या १४९ जनुकांचं नेमकं काम कुणालाच सांगता येत नव्हतं, पण त्यांतली बहुतेक काढली तर पेशी नीट जगत नव्हती. शिवाय ती वेड्यावाकड्या आकारांत विभागायची. २०२१मध्ये १९ जनुकं परत घातल्यावर विभाजन सुरळीत झालं. त्यांतली सात त्यासाठी आवश्यक ठरली, आणि त्या सातांपैकी पाचांचं नेमकं काम तोवर अज्ञातच होतं.