एका पायाची सायकल

बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरतांना रस्त्याचा प्रत्येक खड्डा सायकलस्वाराच्या मनगटांत येऊन पोंचतो. हा धक्का वाटेंतच जिरविण्याकरितां डोंगरी सायकलींना, साध्या ताठ चिमट्याऐवजीं, एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचे दोन पाय बसवितात. आंत कोंडलेली हवा अगर स्प्रिंग दबून धक्का झेलते. आणि बारीक छिद्रांतून वाहणारें तेल तिची उसळी आवरतें.

परंतु कॅननडेल या अमेरिकन कंपनीनें २००० सालच्या सुमारास काढलेल्या 'लेफ्टी' नामक चिमट्याला उजवा पायच नाहीं! चाक केवळ डाव्या पायाला धरलेलें असतें. पाहणाऱ्यास वाटतें, हें आतां निखळणार. मग तें निखळत कां नाहीं?

ही कल्पना अगदींच नवखी नव्हे. आकुर्डी येथें १९७२ पासून बनूं लागलेली बजाज 'चेतक' स्कूटर कित्येक पालकांनीं चालविली असेल. तिचेंहि पुढील चाक एकाच बाजूनें धरलेलें असे. तिची मूळ घडण १९४६ च्या इटालियन 'व्हेस्पा'ची. आणि ती योजणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानविद्येंतील अभियंते होते. विमानाचें चाकहि पुष्कळदां एकाच खांबाला असतें.

एका पायापुढें दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली वांकण्याची, ती नळी व आंस जाड केल्यानें टळते. दुसरी अधिक बिकट. गोल नळींत गोल नळी सरकते, तशीच ती फिरतेहि. दोन पाय असले म्हणजे आंस त्यांना एकत्र बांधते व फिरूं देत नाहीं. एकट्यानें काय करावें?

विद्यार्थिमित्रांनो, आगपेटी हातीं घ्या. तिचें आंतील खोकें पुढेंमागें सरकतें. पण फिरत नाहीं, कारण त्याच्या बाजू सपाट आहेत. लेफ्टींत हेंच केलें. दोन नळ्यांमध्यें चार सपाट बाजू ठेवून त्यांवर सुईसारख्या सडपातळ पोलादी लाटण्यांच्या रांगा बसविल्या. त्यामुळें ब्रेकचा ताण पडला तरी नळी न अडतां सरकते. २०१८ सालीं निघालेल्या नव्या नमुन्यांत बाजू चाराऐवजीं तीन केल्या आहेत.

लाभ असा कीं, चाक न काढतां ट्यूब बदलतां येते. मात्र वाटेंत चाक मोडल्यास साध्या सायकलीचें चाक हिला बसत नाहीं.

दोघे एकमेकांस धरून जें सहज साधतात, तें एकट्याला आपल्या अंगच्या घडणीवर साधावें लागतें. म्हणून कोणतेंहि यंत्र विचित्र दिसलें तर हंसण्यापूर्वीं विचारावें, गळालेल्या भागाचें काम आतां कोण करीत आहे?