शिक्रा की बेसरा?

गावाबाहेरच्या झाडावर करड्या पाठीचा, कबुतराएवढा शिकारी पक्षी दिसला, की त्याला ‘ससाणा’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात. शिक्रा आणि बेसरा यांचे पंख आखूड, गोलसर आणि शेपूट लांब असते. झाडांच्या दाटीतून चपळाईने वळताना ही ठेवण उपयोगी पडते.

खरी अडचण या दोघांना वेगळे ओळखण्याची आहे. आकारावर विसंबता येत नाही. दोन्ही जातींत मादी नरापेक्षा मोठी असते. त्यामुळे एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या नराहून मोठी भरू शकते. म्हणून प्रथम गळा पाहावा. बेसऱ्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध ठळक, काळपट उभी रेघ असते. शिक्र्याची रेघ पुसट असते. शिक्र्याच्या छातीवर तांबूस, नाजूक आडव्या रेषा दिसतात. बेसऱ्याच्या छातीवर उभे फराटे, तर पोटावर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. मात्र शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवरही तपकिरी उभे फराटे असतात आणि गळ्याची रेघही उठून दिसते. जाणकारही येथेच फसतात. अशा वेळी वहीत ‘शिक्रा किंवा बेसरा’ अशी नोंद करणेच प्रामाणिकपणाचे. एका चुकीच्या नोंदीने जंगलातला पक्षी कागदोपत्री शहरात येऊन बसतो.

शिक्रा शेतशिवारात, शहरांतील बागांतही राहतो. बेसरा बहुधा सह्याद्री, हिमालय यांसारख्या डोंगराळ भागांतील दाट जंगलांत आढळतो.

या गोंधळात भर घालतो तो पावशा. ‘पेर्ते व्हा’ अशी साद घालणारा हा कोकिळेच्या कुळातील पक्षी रूपाने थेट शिक्र्यासारखा असतो. त्याला पाहून लहान पाखरेही घाबरतात. त्याची चोच मात्र शिक्र्यासारखी आकडेदार नसते आणि पायही दुबळे असतात.