अर्भकांतील बुलस पेम्फिगॉइड : लस हे कारण की निमित्त?

बुलस पेम्फिगॉइड हा शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटल्यामुळे होणारा रोग होय. पेम्फिगसहून तो भिन्न असल्याचे वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. बाह्यत्वचेला अंतस्त्वचेशी जखडून ठेवणाऱ्या सूक्ष्म बंधांत बीपी १८० व बीपी २३० ही प्रथिने असतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण झाली की बंध सुटतात, मधल्या फटीत द्रव साचतो आणि ताठर, सहजी न फुटणारे फोड येतात.

हा मुख्यतः उतारवयातील रोग. अर्भकांत तो अत्यंत विरळा, आणि तेथे त्याचे रूपही निराळे असते : फोड प्रायः तळहात व तळपायांवर उठतात. त्यामुळे प्रथम संशय खरजेचा किंवा जंतुसंसर्गाचा येतो. निर्णायक पुरावा मिळतो तो फोडालगतच्या त्वचेच्या प्रतिदीप्ती-परीक्षणातून. तळपटलावर आयजीजी व सी३ यांची सलग रेषा त्यात दिसते.

प्रवर्तक कारणांच्या चर्चेत लसीकरणाचा उल्लेख वारंवार येतो. लस टोचल्यानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. लसीमुळे चेतवलेली प्रतिकारशक्ती मुळातच प्रवण असलेल्या बालकात भरकटत असावी, असा तर्क त्यावरून केला जातो. तो असंभाव्य नाही. परंतु येथे काकतालीय न्यायाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. भारतात ६, १० व १४ आठवड्यांना लसी दिल्या जातात. हा रोगही बहुधा याच वयाच्या आसपास प्रकटतो. तेव्हा या वयात उद्भवणारा कोणताही विकार कोणत्या ना कोणत्या लसीनंतरच उद्भवणार! शिवाय कोट्यवधी बालके लस घेतात आणि रोग मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच होतो. लस हे निमित्त असेलही. ते पुरेसे कारण खचित नव्हे.

मातेच्या गर्भकालीन पेम्फिगॉइडमुळे नवजात अर्भकास येणारे फोड यातून वगळले पाहिजेत. तेथे प्रतिद्रव्ये वारेतून आलेली, उसनी असतात. ती ओसरली की काही आठवड्यांत फोडही मावळतात.

अर्भकाच्या स्वतःच्या रोगात स्टेरॉइडचे मलम, व्याप्ती अधिक असल्यास तोंडावाटे स्टेरॉइड, असा उपचार केला जातो. बहुतेक बालके काही महिन्यांत पूर्ण बरी होतात. पुढील मात्रांनंतर रोग न उलटल्याची उदाहरणे आहेत, तशी क्वचित उलटल्याचीही आहेत. म्हणून उर्वरित लसी कायमच्या बंद न करता त्वचारोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली देणे इष्ट ठरते. कारण डांग्या खोकला व घटसर्प हे अर्भकाच्या जिवावर बेतणारे रोग आहेत.